वारुळाला वळसा

नागपंचमीच्या दिवशी शेत बघायला जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण आमच्या ह्यांनी जेसीबी रविवारचाच ठरवला होता आणि मला बँकेला सुट्टीही रविवारचीच. हे यंदाच चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले आणि उत्तिरमेरूरच्या अलीकडे दीड एकर जमीन घेऊन बसले. रासायनिक खत नाही, फवारणी नाही, मातीला आई मानायचं, अशी मोठी मोठी वाक्यं घरात रोज ऐकू येतात. मातीबद्दल चार पुस्तकं वाचलेला इंजिनिअर घरात असणं काय असतं, ते मलाच ठाऊक!

सकाळी मी पुरणाची दिंडं उकडून डब्यात भरली आणि काकडी अख्खीच पिशवीत टाकली. आज चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही. हे हसले. "अगं, मैलापुरात तिसऱ्या मजल्यावर तुझ्या सुरीखाली कुठला नाग येणार आहे?" मी डब्याचं झाकण लावलं.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर आधी तांबरम गाठा आणि तिथून चेंगलपट्टूची लोकल घ्या. तिकीट नाश्त्यापेक्षा स्वस्त पडतं. नाश्ता तांबरम स्टेशनबाहेर करा. इडली उकडलेली, म्हणून मला चालली. वडा तळलेला, म्हणून तो ह्यांच्या पानात गेला. सिंगपेरुमाळ कोईलला फाटकाशी कंपनीच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या, ओरगडमच्या कारखान्यांतल्या पाळीला निघालेल्या. रविवार असूनही निम्मी माणसं खिडकीला डोकं टेकून झोपलेली. पुढे चेंगलपट्टूच्या आधी रुळांना लागूनच मोठं तळं येतं. डावी-उजवी मला विचारू नका, जिकडे पाणी दिसेल तिकडे बसा. चेंगलपट्टूहून उत्तिरमेरूरची बस. दुपारनंतर परतीच्या बस कमी होतात, तेव्हा पाणी आणि टोपी जवळ ठेवा.

शेतावर पोचलो तर जेसीबी उभा आणि ड्रायव्हर ताडाच्या सावलीत चपला काढून बसलेला. शेताच्या मधोमध माझ्या खांद्याएवढं वारूळ, त्याला हळद-कुंकू लावलेलं, आणि वारुळासमोर कुप्पम्मा. कुप्पम्मा म्हणजे आमच्या शेतीचा कणा. साठी ओलांडलेली बाई, आजूबाजूच्या शेतांत आयुष्य गेलेलं. विषारी औषध मारणार नाही, या एकाच अटीवर ती आमच्याबरोबर अर्ध्या वाट्याने शेती करायला तयार झाली होती. तिच्याशिवाय आमची शेती म्हणजे ह्यांच्या आलेखाच्या कागदावरचं चित्र. त्या चित्रात बांध पट्टीने आखलेले आहेत आणि वारुळाच्या जागी लाल पेनाने लिहिलंय, 'अडथळा'.

"सार, पुत्तु पाडायचं नाही," कुप्पम्मा म्हणाली. पुत्तु म्हणजे वारूळ. (तिचं तामिळ मी माझ्या मराठीत देते आहे.)

"अगं पण त्यात वाळवी आहे. पीक खाईल!" हे आपल्या कारखानी तामिळमध्ये म्हणाले.

"वाळवी मेलेलं खाते, सार. शेतात काडीकचरा राहू द्या, ती जिवंत रोपाकडे बघणार नाही. सगळं झाडूनपुसून ठेवलंत तर मात्र खाईल. भुकेल्याने काय करावं?"

"मग बांध सरळ कसा घालू?"

कुप्पम्माने आपला कोयता कमरेला खोचला. "जमीन तुमची आहे, पाडा. मी उद्यापासून येणार नाही."

तामिळ पंचांगातला आडी महिना, पेरणीचे दिवस. ती गेली तर यंदाचं साल गेलंच, आणि दुसरं कोणी औषधाशिवाय शेती करायला येणार नव्हतं. ह्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो हात जोडून म्हणाला, "मी बांध घालतो, सार. वारूळ पाडायला दुसरा माणूस बघा."

"तुझं तामिळ चांगलं आहे, तूच समजाव तिला," हे मला म्हणाले. "नुसती माती आहे म्हणावं."

मी तोंड उघडलं, पण तामिळ आलं नाही, मराठीच आली. "सकाळी विचारलंत ना, नाग कुठे आहे? तो इथे आहे. आणि माझी सुरी घरी बाजूला ठेवून मी तुमच्या जेसीबीमागे उभी आहे. मला लाज वाटते."

ह्यांनी खिशातून टेप काढली. मला वाटलं, आता वाद घालणार. पण हे वारुळाभोवती फिरून माप घेऊ लागले आणि कुप्पम्माला म्हणाले, "दुसरं टोक धर." तिने धरलं, पण आधी ह्यांना बूट काढायला लावले. मग तिनेच दाखवलं, की वारूळ उंचवट्यावर आहे आणि पावसाचं पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी उतरतं. ह्यांचा सरळ बांध पाणी नेमकं अडवून बसला असता. पस्तीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं. बांध आता नव्याने आखायचा होता, म्हणून ड्रायव्हर जेसीबी घेऊन नुसताच परत गेला.

जेवायला कुप्पम्माने नाचणीचं आंबट कूळ, म्हणजे आपली आंबील, दिलं आणि त्याबरोबर छोटे कांदे, न चिरता, दाताने फोडायचे. मी एक दिंड वारुळापाशी ठेवलं, एक तिच्या हातावर. तिने मोडून आतलं पुरण पाहिलं. "अरे, ही तर आमची कोळुक्कट्टै!" म्हणत तिने आणखी दोन मागून घेतली. कोळुक्कट्टै म्हणजे त्यांचा उकडीचा मोदक. इतकं बरं मला फार दिवसांनी वाटलं.

मातीला आई म्हणणं सोपं आहे. आईच्या घरात आधीपासून राहणाऱ्यांना उठवायचं नाही, हे अवघड. इतकी वर्षं मी नागपंचमीला सुरी बंद ठेवली. कोणासाठी, ते त्या रविवारी पाहिलं.

सोमवारी बँकेत जायच्या आधी मी काकडी चिरत होते. हे कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. 'अडथळा' खोडलेलं होतं, बांधाने तिथे वळसा घेतला होता.

"पुढच्या वर्षी पंचमी कधी आहे गं?" हे म्हणाले. "त्या दिवशी शेतात खणता येणार नाही. पेरणी आधी उरकायला हवी."