रोल धुणारे आमचे काका

काकांनी फिल्मचा रोल धुवायला घेतला की आमच्या गौलीगुड्याच्या घरातले सगळे पंखे बंद. भर मे महिन्यात. ओल्या फिल्मवर धूळ बसते म्हणे. या मोबाइलच्या जमान्यात हे माझे सख्खे काका बाथरूमच्या दाराला घोंगडी लावून आत, आणि बाहेर आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेत, आंघोळीला ताटकळलेले.

एवढं करून फोटो बिघडायचेच. पण काकांचं कधी चुकलं असेल तर शपथ. फोटोंवर पांढरे ठिपके? "बोअरचं पाणी." फोटो फिके? आईला म्हणायचे, "वहिनी, तुमचा बर्फ बरोबर नव्हता." अहो, फिल्म धुवायचं औषध गार ठेवायला बर्फ भांड्याभोवती रचायचा सोडून थेट औषधात कोणी टाकला? तसं म्हटलं की माझ्यावरच डाफरायचे, "मला हौला समजते का तू? खुळा आहे का मी?"

आई गेल्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कॅमेऱ्यात एक रोल निघाला. आजारपणात गॅलरीत बसणाऱ्या आईचे फोटो त्यांनी स्वतः रोल भरून काढले होते. तिचे शेवटचे. मी म्हटलं, कोठी भागातल्या लॅबला देऊ. काका म्हणाले, "नक्को. वहिनीला परक्याच्या हातात द्यायचं नाही." मी कपाळावर हात मारून घेतला.

रोल निघाला तो कोरा. एक फोटो नाही. अण्णा स्टुलावर बसले.

"माझं काही चुकलं का रे?"

"नाही अण्णा," काका म्हणाले, "औषध बिघडलेलं होतं. चूक माझी."

अण्णा आत गेले. मी मात्र काकांना नको नको ते बोलले.

संध्याकाळी ती फिल्म फेकायला काढली, तर कडेचे आकडे ठळक काळे उमटलेले. ते कारखान्यातच घातलेले असतात, पण धुतल्यावरच दिसतात, आणि औषध बिघडलं तर तेही उमटत नाहीत. काकांची प्रवचनं ऐकून एवढं मलाही कळत होतं. म्हणजे धुण्यात काही चुकलंच नव्हतं. अण्णांनी भरलेल्या रोलचं टोक कॅमेऱ्याच्या चाकात अडकलंच नव्हतं, रोल पुढे सरकलाच नव्हता. आईचा एकही फोटो निघालेला नव्हता.

काका मागेच उभे होते. "आकडे कापून टाक," हळूच म्हणाले, "अण्णा चष्मा शोधायच्या आत."

अण्णा जाईपर्यंत भावाशी धड बोलले नाहीत. खरं सांगून टाका म्हणून मी काकांपुढे किती डोकं फोडलं. एकदा काका खेकसले, "काय सांगू? बायकोचे फोटो तुमच्याच हातानं गेले, असं? माझ्यावर चिडून का होईना, झोपतात ना ते."

असल्या माणसावर धड रागावताही येत नाही.