वरचं नाव झाका

सर्व्हेचे आकडे आले की काका फोन काउंटरवर आडवा ठेवायचे आणि सगळ्यात वरचं नाव अंगठ्याने झाकून टाकायचे. मग म्हणायचे, "आता वाचा, शेठ. खाली काय राहिलं ते वाचा."

अमेरिकेतल्या कॅरी गावात माझं किराणा दुकान आहे. कोपऱ्यात चहा आणि बटाटेवडे मिळतात, म्हणून शनिवारी सकाळी तिथे मराठी माणसं जमतात, आणि मराठी माणसं जमली की राजकारण होणारच, देश कुठलाही असो. तुमच्या ओळखीच्या दुकानातही असा एखादा कोपरा असेल आणि त्यात एक असा माणूस असेल, की तो आल्याशिवाय चर्चेला चव येत नाही. आमच्याकडे ते काका होते. दुकान माझं, भाडं मी भरतो, पण खुर्ची त्यांची.

काका नागपूरचे, इंदोरा वस्तीतले. इथे एका औषध कंपनीत आकड्यांचं काम करायचे. व्हिसावर आले तेव्हा केस काळे होते. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत पांढरे झाले आणि नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा फारसे उरलेच नव्हते. मधल्या काळात त्यांनी मुलगी वाढवली, बायकोला निरोप दिला, आणि या देशातल्या प्रत्येक निवडणुकीचे सर्व्हे वाचले. मत मात्र कधी दिलं नव्हतं. त्यामुळे शपथेनंतर पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी आली, तेव्हा घरी लग्नकार्य निघाल्यासारखे ते वागायला लागले.

पहिला सर्व्हे आला तेव्हा कुठल्याच राज्यात मतदान झालेलं नव्हतं. एक उमेदवार बराच पुढे होता. टीव्हीवर रोज दिसायचा, नेहमी लाल टायमध्ये. आम्ही त्याला टायवाला म्हणायचो.

"विषय संपला," मी म्हटलं. "टायवाला येतोय."

"घाई कायची आहे बाप्पा?" काकांचा अंगठा टायवाल्यावर. "हा पुढे नाही, हा ओळखीचा आहे. लोकांना फोन करून विचारलं, कोण पाहिजे? तोंडात जे नाव आलं ते त्यांनी सांगितलं."

"म्हणजे लोक खोटं बोलतात."

"खोटं नाही. विचार करायच्या आधी बोलतात. तुमच्या आंब्याचं काय होतं?"

माझी दुखरी जागा शोधून नेमकी तिथेच बोट ठेवायची त्यांना सवय होती. दर हिवाळ्यात मी गिऱ्हाइकांना विचारतो, यंदा कोणता आंबा मागवू? झाडून सगळे म्हणतात, हापूस. मी हापूस मागवतो. मे महिन्यात पेट्या उघडतात, कुणाला केसरचा वास येतो, आणि तेच गिऱ्हाईक केसर उचलून चालू लागतं. माझा हापूस तिथेच बसतो आणि मी आरडाओरडा करतो.

"हिवाळ्यात लोक नाव सांगतात," काका म्हणाले. "वास मे महिन्यात येतो."

मग ते फोनवर पार खाली जायचे. तिथे एक ओळ असायची: अजून ठरलं नाही. "हा बघा, हा खरा तगडा उमेदवार. याचा टाय कुठला ते सांगा."

टायवाल्याच्या खूप खाली एक चष्मेवाल्या बाई होत्या, लहानशा राज्यातून आलेल्या. त्यांचा आकडा इतका बारीक, की मी त्यांना हिशेबातच धरत नव्हतो. पण त्यांची ओळ आली की काका चष्मा पुसायचे.

"ही आवडलेली दिसते," मी म्हणायचो.

"मी कुठे काही बोललो?"

"मग सांगा ना, कोण आवडतं."

"अजून ठरलं नाही," म्हणायचे आणि वडा तोंडात टाकायचे, म्हणजे पुढचा प्रश्न विचारताच येऊ नये.

मला हे सहन होत नाही. मी भाव काढणारा माणूस आहे. सामान भरायची नोकरी करत करत मी हे दुकान उभं केलं, ते समोरच्याच्या मनातलं काढून घेता येतं म्हणूनच. ट्रकवाला, घरमालक, परवानेवाला, सगळ्यांचं काढलं. या एका माणसाचं निघेना.

मतदानाच्या दिवसाआधी काही दिवस इथे केंद्रं उघडतात, ज्याला आधी मत द्यायचंय त्याने द्यावं. लवकर जाणाऱ्याचा फायदा होतो हा माझा आयुष्याचा अनुभव. पहिल्याच दिवशी गेलो आणि टायवाल्याला मत देऊन आलो.

मग दुसऱ्या राज्यांत खरी मतं पडली. टायवाला तिथे आपटला आणि आठवड्याभरात भाषण करून शर्यतीतून बाहेर पडला.

मी तडक निवडणूक कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, माझं मत परत पाहिजे.

"सर, दिलेलं मत परत मिळत नाही."

"परत नको, बदलून द्या. तुमच्या कागदावर नाव आहे, पण माणूसच नाही. हा खराब माल झाला."

"मतपत्रिका आधीच छापलेल्या असतात, सर."

"मग ते गिऱ्हाइकाला आधी सांगायला नको?"

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरशीही बोललो. काही जमलं नाही. शनिवारी हे सांगितलं तेव्हा काकांना हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "शेठ, तुम्ही बुकिंगच्या दिवशीच आंबा खाल्ला."

त्यांनी अजून मत दिलं नव्हतं. आणि त्याच शनिवारी कळलं, की त्यांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. भरती व्हायचं मंगळवारी सकाळी. म्हणजे मतदानाच्याच दिवशी.

त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्युपर्टिनोहून आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना समजवा ना प्लीज. इट्स जस्ट अ प्रायमरी."

आगाऊ मतदानाचा तो शेवटचा दिवस होता. केंद्र दुपारपर्यंत उघडं. मी गाडीची किल्ली घेतली. "उठा. आत्ता जाऊन येऊ."

"नाही," काका म्हणाले. "मंगळवारीच."

"मंगळवारी तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर असाल."

"आमचे बाबा सायकलरिक्षा चालवायचे, शेठ. मतदानाच्या दिवशी रिक्षा बंद. आंघोळ करून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून रांगेत उभे. ज्यांच्या दारात आम्हाला उभं राहता येत नव्हतं, ते त्यांच्या मागे उभे असायचे. रांगेत." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "मला ती रांग पाहिजे. नुसता कागद टाकायचा नाही मला."

मी बराच ओरडलो. मग ओरडून झाल्यावर, सोमवारी सकाळी मुलीला शेजारी बसवून हॉस्पिटलला फोन लावला. तारीख नाही, म्हणाले. मी विचारलं, गुरुवारी कुणाची आहे? सांगता येत नाही. मग ज्यांची आहे त्यांना मंगळवार देऊन बघा, लवकर मिळालेलं कुणाला नको असतं? थांबा म्हणाले. थांबलो. नर्सने सर्जनना विचारलं, दोन दिवसांनी काही बिघडत नाही म्हणाले. शेवटी गुरुवार मिळाला. त्या सौद्यात मला काहीही सुटलं नाही. असा सौदा मी पुन्हा केलेला नाही.

मंगळवारी त्यांना शाळेच्या जिमपाशी घेऊन गेलो. पांढरा सदरा, इस्त्री इतकी कडक की चालताना आवाज येत होता. त्यांच्या पुढे मोठ्या बंगल्यातल्या असाव्यात अशा एक बाई, मागे बागकामाचे बूट घातलेला एक माणूस, त्याच्या मागे सुटातला कुणी वकीलबिकील. काका सारखे मागे वळून बघत होते. रांग मोजत असावेत. मी दोरीबाहेर प्रचाराच्या पाट्यांमध्ये उभा होतो.

ते आत इतका वेळ होते, की बुटांचा माणूस मत देऊन बाहेरही आला.

"कुणाला दिलं?" ते दिसल्या दिसल्या मी विचारलं.

काका नुसते हसले.

"चष्मेवालीला ना? बोलू नका. मान हलवा फक्त."

"सांगितलं की तो सर्व्हे झाला, शेठ," ते म्हणाले. "मी आत्ता मत दिलंय."

ऑपरेशन चांगलं झालं. मुलगी त्यांना क्युपर्टिनोला घेऊन गेली. उन्हाळा संपता संपता ते तिथेच झोपेत गेले. नोव्हेंबरची मोठी निवडणूक त्यांना मिळाली नाही. या देशात त्यांचं एकच मत पडलं, तेही पक्षातल्या पक्षात, आणि ते कुणाला पडलं हे मला माहीत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. हॉस्पिटलशी भांडलो मी, निदान मला तरी सांगायला हवं होतं.

त्या दिवशी परत येताना ते माझ्या शेजारी बसले होते. मत दिल्यावर मिळतं ते गोल स्टिकर त्यांनी सदऱ्यावर छातीपाशी लावलं होतं. सीटबेल्ट नेमका त्याच्यावर येत होता. म्हणून घर येईपर्यंत त्यांनी तो पट्टा एका हाताने छातीपासून दूर धरून ठेवला.