आठ नावांची पाटी आणि दोन फिल्टर

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. फिल्टरवर मीठ साचतं तसे आपोआप साचतात! आखातातल्या रिग्गईतली आमची कंपनी समुद्राचं पाणी गोडं करणारी छोटी मशिनं बनवते आणि तहानलेल्या बेटांना दान म्हणून पाठवते. पुण्याचं काम आहे, फक्त ते मीटिंगा घेऊन केलं जातं.

*

अशाच एका बेटावरच्या शाळेची पावसाच्या पाण्याची टाकी आटली. तिथल्या मुख्याध्यापिका व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "मुलं पाणी प्यायला घरी जातात, ती परत शाळेत येत नाहीत."

आमचे मॅनेजर देशपांडेसाहेब गहिवरले. लगेच मीटिंग! विषय: मशिनसोबतच्या पाटीवर कुणाकुणाची नावं घालायची. तीन तास चालली. चौदा बाटल्या उघडल्या, प्रत्येकीतले दोन घोट प्यायले गेले आणि उरलेलं पाणी कुंड्यांना गेलं.

*

आठ नावांची संगमरवरी पाटी तयार झाली आणि कार्गोचं वजन जास्त भरलं. आमचे स्टोअरकीपर बशीरभाई दापोलीकडचे. सुट्टीला जाताना तीस किलोच्या खोक्यात अख्खा संसार बसवणारा माणूस, पण तेही हरले.

"साहेब, पाटी काढू काय?"

"छे! फिल्टर काढा. मागाहून पाठवू."

*

मशीन पोचल्यावर बाईंचा फोन आला. "मशीन मिळालं, नावं मिळाली. पाणी कधी मिळेल?"

मला खरोखर लाज वाटली. साहेब म्हणाले, "प्रोसिजरने जाऊ."

प्रोसिजर म्हणजे फिल्टरचा फॉर्म तीन आठवडे टेबलाटेबलावर फिरला. शेवटी बशीरभाईंनी नवा फॉर्म भरला: 'पाटीसोबतचं राहिलेलं सामान, दोन नग.' जेवणाच्या सुट्टीआधी सह्या झाल्या!

"नावाचा काम असला की कसा पटापट होतो बघा," बशीरभाई म्हणाले.

*

महिन्याभराने बाईंचा कॉल आला. आम्ही सगळे कॉन्फरन्स रूममध्ये जमलो. त्यांच्या मागे मुलं नळाला ओंजळी लावून पाणी पीत होती. शाळा भरलेली होती. बशीरभाईंनी गुपचूप डोळे पुसले. साहेब मात्र स्क्रीनवर काहीतरी शोधत होते.

"मॅडम, आमची पाटी दिसत नाही?"

"अहो, तिच्यासाठीच तर खास आभार मानायचे होते! नळ उंच बसला, लहान मुलांचे हात पोचेनात. आता ती पाटीवर उभी राहून पाणी पितात."

साहेब स्क्रीनजवळ सरकले. "म्हणजे... आमच्या नावांवर?"

"नाही, नाही! नावांची बाजू खाली केलीय. ती फार गुळगुळीत, मुलं घसरत होती."