बराबर कस

हिंगोलीच्या उस्तादांकडं मी तीन वर्षं गाड्या खोलायला शिकलो. त्यांचा मंतर दोनच शब्दांचा होता: "बराबर कस." कार्बोरेटर इंजिनला जोडताना तर ते दोनदा बजावायचे. मी समजलो, बराबर म्हणजे चांगला, दणकून. जोराची आपल्याकडं काय कमी! बोल्ट आवळला की पाना कुरकुरायचा अन् मला लई अभिमान वाटायचा.

दोन हजार सालाच्या आसपास मी कनेरगाव नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं. टाकलं म्हणजे काय, वर चार पत्रे अन् खाली एक पोतं. माझ्या वडिलांना, आबांना, ते बिलकुल पसंत नव्हतं. आमच्या गावी, साखऱ्याला, शेती अन् मी एकुलता एक. ते म्हणाले, "पेरणीपर्यंत पाहू. गिऱ्हाईक टिकलं तर ठीक, न्हाई तर गुमान घरी यायचं." मी तोऱ्यात "व्हय" म्हणालो. त्या चार पत्र्यांवर माझा जीव होता.

अन् नेमकी गुरुजींची मोटारसायकल नडली. शेजारच्या शाळेतले हे गुरुजी माझं पहिलं कायमचं गिऱ्हाईक. कार्बोरेटर साफ करून बसवला की दोन दिवस गाडी बरी चालायची. मग उभ्या उभ्या रेस पकडायची अन् चढावर फटफट करत मान टाकायची. कार्बोरेटर अन् इंजिनच्या सांध्यातून बाहेरची हवा आत घुसत होती. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेऊन राहिली. मी सांध्यातली रबरी रिंग बदलली, वरून गम थापला, आणखी जोर लावून कसलं. उपाशी घोड्याला चाबूक मारल्यासारखंच झालं ते. तिसऱ्यांदा गाडी ढकलत आणली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बाबा, आता मी हिंगोलीलाच दाखवतो."

त्याच दिवशी आबा मला न्यायला आले होते. पेरणी तोंडावर आली होती. पोत्यावर बसून तंबाखू मळत ते सगळं ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. "गुरुजी, एकदा, शेवटचं!" म्हणून मी त्यांना थांबवलं, रिंग नवी घातली अन् उजवा बोल्ट पुरता आवळला. डाव्याकडं वळलो तर मागून आबा बोलले, "काहून रे, एकाच अंगाला?"

"आबा, तुमी गप बसा. यातलं तुमाला काय कळतं?"

"मशीन मला न्हाई कळत. पण बैलगाडीवर कडबा बांधताना नाडा एकाच अंगानं वढला तर सगळा भार कलंडतो. दोन्ही अंगाला बराबर पाहिजे."

माझा हात तिथंच थांबला. बराबर म्हणजे सारखा! उस्ताद तीन वर्षं तेच तर सांगत होते, अन् मी गाढव नुसता जोर करत राहिलो.

कार्बोरेटर पुन्हा काढला. त्याचं तोंड काचेवर टेकवून पाहिलं तर मधून उजेड दिसला. माझ्याच जोरानं ते वाकलं होतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते घासून सपाट केलं. जुना गम खरवडला. रिंग खाचेत नीट बसवली अन् दोन्ही बोल्ट आळीपाळीनं कसले, इकडं थोडा, तिकडं थोडा. गाडी चालू करून सांध्यावर तेलाचे थेंब सोडले. हवा घुसत असती तर तेल आत ओढलं जाऊन इंजिनचा आवाज बदलला असता; तो जरासुद्धा बदलला नाही. गुरुजी चढ चढून आले ते हसतच. "चार दिवसांनी ऑइल बदलायला येतो," म्हणाले.

मला इतका आनंद झाला की आबा कशाला आलेत हेच विसरलो. आठवलं तेव्हा साखऱ्याकडची जीप येऊन उभी होती. मी मुकाट्यानं पाने गोळा करायला लागलो.

"तू कुठं निघाला?" आबा जीपमध्ये चढता चढता म्हणाले. "पेरणीला मी गडी पाहतो."