त्या पिल्लांची आई

रविवारी दुपारी नेरूळला आमच्या घरी केतकी आली होती. निखिलची शाळेपासूनची मैत्रीण. निखिल म्हणजे आमचा मुलगा... गेल्या वर्षी किडनीच्या आजारात गेला. पंचवीस वर्षांचा होता.

केतकी एका लॅबमध्ये पीएच.डी. करते, उंदरांवर काम असतं. निखिल तिला ‘उंदीरवाली’ म्हणायचा. तो गेला तेव्हा ती आली आणि नुसती बसून गेली. या वेळी माझ्या बायकोनेच, सुनीताने, विषय काढला. “आमच्या सोसायटीत ये गं, पार्किंगमधले हवे तेवढे उंदीर देते तुला.”

“तुमचे नकोत काकू,” केतकी म्हणाली. “आमचे खानदानी असतात. आईबाप कोण, सगळं माहीत असावं लागतं.”

सुनीता हसली. बऱ्याच दिवसांनी... मला बरं वाटलं.

मग तिने विचारलं, त्या उंदरांचं नक्की करतेस काय? केतकी घुटमळली, माझ्याकडे बघायला लागली. तिचं काम किडनीवरच आहे, हे मला माहीत होतं. आमच्यासमोर ते कसं बोलायचं, हा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, सांग.

तिने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि काही पेशी त्यांना बाहेरून अशी बोटं गुंतवून धरून बसतात. मधल्या फटींतून पाणी जातं, घाण जाते, प्रोटीन मात्र रक्तातच राहतं.

या पेशींवर रिसेप्टर असतात, बाहेरचा निरोप आत पोचवणारे. त्यातला एक रिसेप्टर तिच्या काही उंदरांत जन्मापासूनच नसतो. मग निरोप पोचत नाही, ती बोटं हळूहळू सपाट होतात, पकड सुटते... आणि प्रोटीन लघवीतून वाहून जातं.

पुढचं आम्हाला सांगायची गरज नव्हती. लघवीला फेस, मग पायांवर सूज, सकाळी उठल्यावर सुजलेले डोळे... सगळं घरात बघितलेलं. डॉक्टर तेव्हा एकदा म्हणाले होते, हे बहुतेक उपजत असावं. माझ्या डोक्यात तेव्हा पुढचं डायलिसिस होतं, मी ते ऐकून सोडून दिलं. सुनीताने ते सोडलं नव्हतं, हे मला रविवारी कळलं.

तिने हळूच केतकीला विचारलं, “मूल पोटात असताना आई दिवसभर पाणी प्यायली नाही, तर त्याला असं होतं का गं?”

मला आधी उलगडाच होईना. मग आठवलं... निखिलच्या वेळी सातव्या महिन्यात तिने हरतालिकेचा उपास निर्जळी केला होता. माझी आई म्हणाली होती, अगं पाणी तरी घे, देवाला कळतं सगळं. हिने ऐकलं नाही. संध्याकाळी चक्कर आली, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. मी तर विसरूनही गेलो होतो.

डॉक्टरांचं ते बोलणं ऐकल्यापासून ही हे मनात घेऊन बसली होती. किडनी घडायच्या वेळी पाणी मिळालं नाही, म्हणून ती कच्ची राहिली... असं स्वतःच ठरवून टाकलेलं. आणि तो उपास नवऱ्यासाठी करतात. म्हणून मला काही बोलली नसेल.

केतकीने लगेच धीर द्यायची घाई केली नाही. म्हणाली, निखिलचं मूळ कारण मी सांगू शकत नाही, त्याची तशी तपासणी झालीच नव्हती. पण एका दिवसाच्या उपासाने हा आजार होत नाही. मग तिने पुन्हा उंदरांचंच सांगितलं. एकाच आईची पिल्लं, एकाच पिंजऱ्यात. पाणी तेच, खाणं तेच, दूध तेच. तरी त्यातल्या काहींच्याच किडनीतून प्रोटीन गळतं.

“आणि त्यांची आई?” सुनीताने विचारलं.

“आई धडधाकट असते, काकू. बापही. दोघांकडे त्या रिसेप्टरचं एक जनुक चांगलं असतं, एक बिघडलेलं. एका चांगल्यावर त्यांचं भागतं. ज्या पिल्लाला दोघांकडूनही बिघडलेलंच मिळतं, त्याचं भागत नाही. आईने काही केलेलं नसतं.”

सुनीता माझ्याकडे वळली.

“अहो... म्हणजे तुमच्याकडूनही?”

“तसं असेल तर निम्मं माझं,” मी म्हणालो.

हे वाक्य बोलायला जड जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. सुनीता रडायला लागली. ती रोजच रडायची, पण बाथरूममध्ये, नळ सोडून. त्या दिवशी सोफ्यावर, माझ्या शेजारी बसून रडली. मीही... केतकी उठून स्वयंपाकघरात गेली आणि चहा ठेवला. साखरेचा डबा कुठे असतो, हे तिला विचारावं लागलं नाही.

जाताना तिने पुन्हा बजावलं, काका, ते उंदीर आहेत, निखिलचं तसंच होतं असं धरून चालू नका. मी धरलेलं नाही. त्याला नेमकं काय झालं होतं, ते आता कधीच कळणार नाही.

सुनीताला विचारून हे लिहितोय. मी इथे सहसा लिहीत नाही. वर्षभर आम्ही एकाच घरात दोन वेगळी दुःखं करत होतो, आणि तिच्या दुःखातलं कितीतरी मला माहीतच नव्हतं. केतकी, तुझे आभार कसे मानू... आता जे काही आहे, ते दोघांचं आहे.