भालेरावांचे हातमोजे

"हात लावू नका," हे भालेरावांचं सकाळचं पहिलं वाक्य. सत्तरच्या दशकात पिंपरीतल्या आमच्या कारखान्यात अग्निबाणासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या रिंगा बनत, आणि भालेराव त्यांचे तपासनीस. दापोडीहून सायकलवर यायचे, साबणाने हात धुवायचे, सुती हातमोजे चढवायचे आणि मगच रिंगेला हात लावायचे.

मला त्यांनी एकदा नीट समजावलं होतं. रिंगेच्या भोकांत पोलादी बुश, म्हणजे आखूड नळीसारखे तुकडे, दाबून बसवलेले असत, त्यामुळे तिथला धातू कायम ताणलेला. "त्याला घाम लागला, खारट काही लागलं, तर तो आज तडकत नाही, राव. वर्षाने तडकतो. तोवर आपण विसरलेलो असतो."

म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्यांच्या पाठीमागे आम्ही हसायचो. ज्यांच्या आजोबांना आमच्या आजोबांनी पाणवठ्यावर फिरकू दिलं नाही, ते आता आम्हाला शिवू नका म्हणतात! खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्याने मीच हसायचो.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. फोडलेला नारळ माझ्या हातात होता. यंत्रांवर पाणी शिंपडून मी रिंगांकडे वळलो, तसे भालेराव आडवे आले. यंत्रांना हवं तेवढं शिंपडा, पण नारळाच्या पाण्यातही क्षार असतात, रिंगांवर नको, असं ते शांतपणे सांगत होते. मागून कुणीतरी म्हणालं, यांना आमच्या देवाचं वावडं. मला तेवढं पुरलं. त्यांना बाजूला सारून मी सगळ्या रिंगांवर पाणी शिंपडलं.

त्यांनी प्रत्येक रिंगेला नापास केल्याची लाल चिठ्ठी बांधली. आम्ही मॅनेजरकडे तक्रार केली, की भालेरावांनी पूजेत विघ्न आणलं. पहिली सही माझी. आठवड्याच्या आत भालेराव भंगाराच्या गोदामावर गेले. चिठ्ठ्या निघाल्या, रिंगा फडक्याने पुसून स्टोअरमध्ये ठेवल्या.

वर्षभराने माल घ्यायला आलेल्या माणसाने रिंगांना बारीक भेगा दाखवणारा तपासणीचा लाल रंग लावला. जवळजवळ प्रत्येक बुशापासून केसाएवढी रेघ निघालेली. धातूच खराब आला होता, असं मॅनेजर म्हणाले. मी तिथेच उभा होतो; नारळाच्या पाण्याचं नाव काढलं नाही. भालेरावांना परत बोलवा, असंही कुणी म्हणालं नाही.

रिंगा हातगाडीवर घालून गोदामात न्यायचं काम माझ्याकडे आलं. भालेरावांनी एक रिंग उघड्या हाताने उचलली, रेघ पाहिली. दुसरी उतरवायला मी पुढे झालो आणि सवयीने हात शर्टाला पुसले.

"लावा हात," ते म्हणाले. "आता चालतंय."