राखणदाराची विडी

आमच्या विद्यापीठाच्या परिसरात धूम्रपानबंदी जाहीर झाली, त्या दिवशी पहिली विडी आमच्या कुलसचिव साहेबांनी स्वतःच्या हाताने पेटवली. हसू नका, मी तिथे होते, नारळाचं तबक माझ्याच हातात होतं. फाटकाशी नवा निळा फलक लागला होता, त्याला झेंडूचा हार. 'हा परिसर धूम्रपान व व्हेपिंगमुक्त आहे.' आणि तिथून हाकेच्या अंतरावर, सातवीणीच्या झाडाखालच्या राखणदाराच्या दगडापुढे गावचे मानकरी हात जोडून गाऱ्हाणं घालत होते, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांच्या हातसून ह्या व्यसन सुटांदे रे म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "होय म्हाराजा!" आणि साहेबांनी काडी ओढली, विडी शिलगावली, दगडापुढे ठेवली. टाळ्या पडल्या. मी बाजूच्या बाईंना म्हटलं, "अगो, ह्या काय चललाहा?" तर त्या म्हणाल्या, "गप गो, देवाचा काम आसा."

मी इथल्या ग्रंथालयात आहे. पुस्तकं देते, घेते, वाचनखोलीत कोणी बडबडलं की डोळे वटारते. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण देवाधर्माशी माझं भांडण नाही. आमच्या घरामागेही राखणदाराची जागा आहे, वर्षाकाठी आम्ही त्याला त्याचा मान देतो. जमिनीवर घर बांधा नाहीतर विद्यापीठ बांधा, त्या जमिनीची राखण करणारा आधी तिथे असतो, त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कुठे त्याला कोंबडा लागतो, कुठे नारळ पुरतो, कुठे विडीही देतात. तेव्हा विडी बघून कोणाला धक्का बसला नाही. मला बसला, तो त्या निळ्या फलकामुळे.

पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आठवडाभरात पोरांना वाट सापडली. सिगारेट पेटवायची, दगडापुढे एकदा ओवाळायची, "राखणदाराक दाखयलंय" म्हणायचं आणि मग ती ओढायची. प्रसाद! परिसरात इतरत्र कोणी ओढताना दिसला की पहारेकरी दंड करायचा, पण सातवीणीखाली आला की तोच पहारेकरी चप्पल काढून नमस्कार करून परत जायचा. बघता बघता सगळ्या परिसराचं ओढणं त्या एका झाडाखाली गोळा झालं. दोन प्राध्यापकही जेवणानंतर भक्तिभावाने तिकडे वळू लागले. फलक मात्र झकास होता, भेट द्यायला येणारे पाहुणे त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे.

ती व्हेपची नळकांडी तर विचारूच नका. त्यावर बंदी आहे म्हणे, पण पोरांच्या खिशाखिशात. लांबून यायचा आंब्याचा वास, स्ट्रॉबेरीचा वास, जसं काय कोणी सरबत करतंय. एकाला मी पकडलं तर तो साळसूदपणे म्हणतो, "मॅडम, ह्येका धूर नसता, ही वाफ आसा." मी म्हटलं, "मेल्या, वाफ इडलीक येता. तू काय इडली आसस?" सगळे हसले, तोही हसला, आणि मी पाठ फिरवताच पुन्हा आंबा. नाकाने कळत होतं मला.

आता वाचनखोलीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. वाचनखोली तळमजल्यावर, सातवीणीच्या अगदी अंगाला. झाडाखालचा धूर सरळ आत. तिथे रोज एक मुलगी यायची. दोडामार्गच्या आतल्या गावची, घरी केळीची आणि काजूची बाग, कॉलेजपर्यंत पोचलेली त्या घरातली पहिलीच. रसायनशास्त्राला होती, वसतिगृहात राहायची. बोलणं कमी, पण पुस्तक असं वाचायची की पान संपेपर्यंत पापणी लवत नसे. तिला लहानपणापासून दमा. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात पंप असायचा. सुरुवातीला मी तिला आतल्या टेबलाशी बसवलं, मग पंख्याखाली, मग कपाटांच्या मागे. धूर काय, पत्ता विचारत येतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची दुपार होती. ती उठून माझ्या टेबलाशी आली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण शब्दच येईना. ओठ निळसर, आणि ती तिथेच खाली कोसळली. मी तिचं दप्तर उपडं केलं, पंप तोंडाशी धरला, पाठ चोळली. रिकामा होता की काय देव जाणे, फरक पडेना. मी किंचाळले तेव्हा बाहेरची माणसं दारात जमली. रिक्षा करून मी तिला कुडाळच्या इस्पितळात नेलं. सगळा रस्ता ती माझं मनगट धरून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या छातीतून बासरी फुटल्यासारखा आवाज येत होता. वाचली. संध्याकाळी बोलायला लागली तर पहिलं काय बोलली असेल? "बाई, बाबांक सांगू नका. ते माका घराक नेतले."

पण इस्पितळाने कळवलं होतंच. वडील आले. उंच, काटक, पायाला अजून बागेतली माती. ओरडले नाहीत, ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. मुलीच्या उशाशी बसून म्हणाले, "जीव व्हयो की डिग्री?" ती रडायला लागली. मी मध्ये पडले. म्हटलं, "ती हुशार आहे हो, दीड वर्षाचा प्रश्न आहे. तो धूर मी बंद करते. माझा शब्द." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बरा," म्हणाले. "मी बाजाराच्या दिवशी परत येतंय. तवसर काय ता करा. धूर बंद झालो नाय, तर चेडवाक घेवन जातलंय."

तर आता त्या मुलीचं शिक्षण माझ्या शब्दावर टांगलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब कुडाळचेच. घरी आईशी मालवणी बोलतात, खुर्चीत बसले की पुण्याचे होतात. "बाई, भावना समजू शकतो," म्हणाले, "परंतु तो श्रद्धेचा विषय आहे. तिथे कारवाई केली तर ग्रामस्थ दुखावतील. आणि खरं सांगायचं तर, सातवीण फुलली आहे. त्या उग्र वासानेही दमेकऱ्यांना त्रास होतो. आपण लेखी निवेदन द्या." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "साहेब, सातवीणीच्या फुलांना फिल्टर कधीपासून लागले? झाडाखाली थोटकांचा खच पडलाय, तो काय फुलोरा आहे?" ते घड्याळ बघू लागले. दुखावतील ते ग्रामस्थ, आणि ती मुलगी मेली असती तर ती कोण, पाहुणी? हे मी मनात नाही म्हटलं, तोंडावर म्हटलं. शिपाई दारातून डोकावून गेला.

ग्रामस्थ दुखावतील ना? ठीक आहे. संध्याकाळी मी गेले ग्रामस्थांकडेच. गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांचं घर परिसराच्या मागच्या वाडीत. अंगणात भात झोडून झालं होतं, म्हातारा पेंढ्या रचत होता. मी पदर खोचून उभीच राहिले आणि म्हटलं, "आजोबा, तुमच्या राखणदाराच्या विडीनं एक चेडू मरत होता. त्याक विडी सोडूक सांगा."

म्हातारा गोंधळला. "विडी? त्याका विडी खंय लागता?"

"मग त्या दिवशी?"

"अगो, मी फोनार सांगितलंय, नारळ हाडा, केळी हाडा आणि पानाचो विडो हाडा. विडो! पान-सुपारी! तुमी विडी हाडलात."

फोन साहेबांनी स्वतः घेतला होता, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं, कारण 'गावाशी मी जातीने संपर्क ठेवतो' असं ते दहा वेळा सांगून चुकले होते. आणि म्हाताऱ्याचा तो विडो साहेबांच्या शुद्ध कानात शिरून विडी झाला. देवाचं पान-सुपारीचं ताट, त्याचं झालं तंबाखूचं दुकान.

"आणि तुम्ही गप्प राहिलात?" मी म्हाताऱ्यावर घसरले. "समोर पेटवली तेव्हा सांगायला तोंड नव्हतं?"

"माका वाटला, कॉलेजची जमीन, शिकलेली माणसा. तुमच्या राखणदाराक तीच लागत आसतली."

म्हणजे बघा. आम्हाला वाटलं गावाची रीत आहे, गावाला वाटलं विद्यापीठाची रीत आहे. दोघं एकमेकांचा मान राखत बसले आणि मध्ये पोरीचा श्वास अडकला. विचारायची लाज कोणाला? एवढ्या पदव्या, एवढे पावसाळे बघितलेली डोकी, आणि 'हे असं का' एवढं विचारायला एकाची जीभ उचलली नाही. माझीही त्या दिवशी एका 'गप गो'ने गप्प बसलीच की. राग राग झाला माझा. घरी जाऊन मी भांडी घासली तर नवरा म्हणाला, "वायच हळू, पातेल्याचा काय चुकला?"

सकाळी पुन्हा केबिन. विडो-विडीचं सांगितलं. साहेब क्षणभर लाल झाले, मग सावरले. "तरीही बाई, आता प्रथा पडली आहे. समितीपुढे ठेवावं लागेल." समिती! मग मी आवाज खाली आणला. माझा आवाज खाली आला की घरचे घाबरतात. मालवणीत म्हटलं, "साहेब, तुमी राखणदाराक चुकीचो मान दिलात. इतके महिने. स्वतःच्या हातान सुरुवात केलात. तो कोपलो, तर पयलो कोणाच्या घरात शिरतलो?"

साहेबांचा चेहरा असा उतरला की मला हसूच येणार होतं. पुण्याची भाषा पार गळून पडली. "बाई, खरा सांगतास?" म्हणाले. "मगे आता काय करूचा?"

दुसऱ्याच दिवशी गाऱ्हाणं ठरलं. निवेदन नको, समिती नको, काही नको. मला समाधान वाटायला हवं होतं, पण माझं रक्त उकळत होतं. जिवंत पोर निळी पडली तेव्हा एक कागद हलला नाही. दगड रागावेल म्हटल्याबरोबर सगळं ऑफिस चप्पल काढून उभं. हेच करायचं होतं तर आधी का नाही? कुंपणानेच शेत खाल्लं आणि आता कुंपणाची पूजा!

योगायोग असा की तोच बाजाराचा दिवस. सकाळी झाडाखालची थोटकं टोपलीभर निघाली. दगड धुतला. मानकऱ्यांनी केळीच्या पानावर पानाचा विडा ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांची चूक झाली ती पोटात घाल, आजसून विडोच मान्य करून घे, आणि हय जो कोण विडी पेटयत, तेका तूच काय ता बघून घे रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" पोरं, प्राध्यापक, साहेब, पहारेकरी, सगळे. ह्या वेळी आवाजात खरी भीती होती. दुपारी झाडाखाली एक माणूस नव्हता. वाचनखोलीत नुसता सातवीणीचा वास, आणि मुलगी मजेत पुस्तकात डोकं घालून बसलेली. बघा साहेब, फुलांनी काही झालं नाही तिला!

वडील तीनच्या सुमारास आले. मी त्यांना हाताला धरून नेलं म्हणा ना. धुतलेला दगड दाखवला, विडा दाखवला, सगळी हकिगत सांगितली. विडो-विडीला ते हसलेही. मुलगी मागून धावत आली, "बाबा, आता बंद झाला. खरा बंद झाला. मी रवतंय हय." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, जिंकलं.

मग त्यांनी मला विचारलं, "बाई, एक सांगा. चेडू पडला, तेव्हा तुमी सोडून आणि कोण होते?"

"होते की. दारात गर्दी होती. झाडाखालचीच पोरं आली होती, एक सरही होते."

"त्यांच्यातल्या एकान तरी हातातली विझयल्यान?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत स्पष्ट होतं मी काय म्हणावं ते. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण ते दार माझ्या डोळ्यांपुढे होतं, ती जमिनीवर, आणि वर ती सगळी तोंडं. मला बापाशी खोटं बोलवेना.

"नाय," मी म्हटलं. "पाठीमागे धरल्यानी."

ते तडक वसतिगृहाकडे चालू लागले. पायरीवर तिची वळकटी होती, न जाणो जावं लागलं तर म्हणून तिनेच कालपासून बांधून ठेवलेली. ती त्यांनी उचलली आणि रिक्षात टाकली.